आतलं हँडल

"पाय उचलू नको. काही झालं तरी उचलू नको," असं म्हणून भूपेंद्रनं बाहेरून दार लावलं. स्कूटर फाटकाबाहेर गेली, आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला, आणि मग दामिनीच्या लक्षात आलं की दाराला आतून हँडलच नाही. जिथं हँडल असायला हवं तिथं एक भोक होतं आणि भोकातून दातेरी लोखंडी दांडी डोकावत होती. तिनं दोन बोटांनी ती फिरवून पाहिली. ती हलली नाही. आतली हँडलं नागपूरला निकेल चढवायला गेली होती, चारही दारांची, आणि काच खाली-वर करायच्या मुठीही त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. हे तिला माहीत होतं. सोमवारी तिनंच ती जुन्या पेपरात गुंडाळली होती, प्रत्येक पुडीवर स्केचपेननं 'पुढचं उजवं', 'मागचं डावं' असं लिहिलं होतं. पण माहीत असणं वेगळं. काचा धूळ नको म्हणून पूर्ण वर केलेल्या, डावीकडची दारं कंपाउंडच्या भिंतीला भिडलेली, वर टिनाचं शेड. समोरच्या काचेतून घराचा ओटा दिसत होता, ओट्यावरची रिकामी खाट दिसत होती, आणि खिडकीतून आत, टेबलावर, तिची पर्स. पर्समध्ये पदोन्नतीच्या बोलावण्याचं जिल्हा परिषदेचं पत्र होतं. मोबाईलही तिथंच चार्जिंगला लावलेला.

तिनं स्वतःला सांगितलं, पाच मिनिटं. भूपेंद्र पाच मिनिटंच म्हणाला होता. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात: एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाखाली आडवं होऊन निप्पल, म्हणजे तेल सोडायचा स्क्रू, सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. 'दाब.' ती दाबायची. 'धर.' ती धरायची. 'सोड.' आठ वर्षांत हे चौथ्यांदा चाललं होतं. कधी पाइप गळायचा, कधी रबर फुगायचं. आज पेडल तळाला टेकलेलं असताना भूपेंद्र खालून ओरडला, "अरे, तेल संपलं वाटते!" डबीत थेंब उरला नव्हता. आता पाय उचलला तर तेलाऐवजी हवा ओढली जाणार, सकाळपासूनची मेहनत पाण्यात. म्हणून तो तेल आणायला गेला आणि ती पाय रोवून बसली. अंगावर इस्त्रीची, फिक्या जांभळ्या काठाची साडी होती. भंडाऱ्याला साडेबाराच्या आत पोचायचं होतं. सव्वादहाची बस. "तू तयार झालीच ना," तो म्हणाला होता, "मंग पाच मिनिटं बस ना वो. तसाही वेळ आहे तुले."

वेळ आहे तुले. हे वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. सातवीच्या पोरांना ती काळ शिकवायची, वर्तमान, भूत, भविष्य, आणि तिला वाटायचं मराठीत आणखी एक काळ असायला हवा, आपण ज्यात राहतो तो: कुणाचं तरी काम होईपर्यंतचा. दोनदा तिचं नाव केंद्रप्रमुखाच्या पदोन्नतीत आलं होतं आणि दोनदा तिनं भंडाऱ्याला जाऊन नकार लिहून दिला होता. पहिल्यांदा सासूबाई, पुष्पाबाई, अंथरुणाला खिळल्या होत्या. दुसऱ्यांदा लेकीची, नंदिनीची, बारावी होती. दोन्ही अर्जांवर कारण एकच लिहिलेलं, 'घरगुती अडचण', आणि दुसऱ्या वेळी कारकुनानं ते न वाचताच शिक्का मारला होता. आता सासूबाई नव्हत्या, नंदिनी पुण्यात नोकरीला लागली होती. या वेळी यादीत लाखांदूर तालुक्यातली दोन केंद्रं रिकामी होती. तिचं माहेर त्याच बाजूला, दिघोरी. पण माहेरी राहायचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. भाऊ बोलावील, वहिनी चहा देईल, आणि दोन महिन्यांत तिथंही तिच्यासाठी एक कोपरा आणि चार कामं ठरून जातील. तिला लाखांदूरला भाड्याची एक खोली हवी होती. खोलीत काय असेल हे तिनं कधी ठरवलं नव्हतं. खोली रिकामीच दिसायची, धुतलेली फरशी, आणि तिला त्या रिकामेपणाचाच मोह पडायचा. भूपेंद्रला तिनं हे तीनदा सांगितलं होतं, खोलीचं नव्हे, जागेचं. पहिल्यांदा तो म्हणाला, "पाहू." दुसऱ्यांदा म्हणाला, "लाखांदूर म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक आहे." तिसऱ्यांदा, काल जेवताना, तो ताटाकडे पाहत म्हणाला, "मी आन् बाबा काय करू मंग?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो खरंच विचारत होता, वरणात मीठ कमी आहे का असं विचारावं तसं.

पायाची नस ओढायला लागली. तिनं टाच थोडी सरकवली, पंजा तसाच ठेवला. स्टिअरिंगवर हात ठेवून तिनं मधलं बटण दाबलं. हॉर्न वाजला नाही. बॅटरी काढून ठेवली होती, तेही तिला माहीत होतं. या अ‍ॅम्बेसेडरचं तिला सगळं माहीत होतं. बारा-तेराचा पाना कुठला, चौदा-पंधराचा कुठला, सायलेन्सरला कुठं झाळलं आहे, मागच्या सीटच्या काथ्यात उंदरांनी कुठं पिल्लं घातली होती. कॉलेजातल्या प्रयोगशाळेतून भूपेंद्र साडेपाचला यायचा, चहा घ्यायचा, आणि "बॅटरी धरशील का वो जरा" म्हणायचा. ती टॉर्च धरायची. उजेड हलला की तो "च्" करायचा. गाडी चालवायला मात्र ती शिकली नव्हती. तसा विषयच कधी निघाला नाही. या सीटवर ती बसायची ती फक्त ब्रेक दाबायला.

लग्नात ती याच गाडीतून आली होती. दिघोरीहून तुमसर, सासरे यादोराव स्वतः चालवत होते, ती मागे मधोमध, एका बाजूला भूपेंद्र, एका बाजूला नणंद, मांडीवर कुणाचं तरी झोपलेलं पोर. साकोलीच्या पुढं तिला मळमळायला लागलं. पेट्रोलचा वास, हारातल्या शेवंतीचा वास, पोराच्या डोक्याच्या तेलाचा वास. गाडी थांबवा म्हणायचं होतं, पण कुणाला म्हणायचं? सासऱ्यांना मामाजी म्हणायचं असतं एवढं माहीत होतं, पण तो शब्द अजून तोंडात बसला नव्हता. तिनं पदर तोंडाशी धरला आणि बाहेरचे धानाचे बांध मोजले. घरी आल्यावर सगळे म्हणाले, सून मोठी शांत आहे. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात गाडी बंद पडली. इंजिन गेलं, यादोराव म्हणाले, आणि ती अंगणात उभी राहिली ती राहिलीच. पुष्पाबाई तिच्या टपावर पापड वाळवायच्या. कोंबड्या खाली अंडी घालायच्या. एखादं जनावर दारात मरून पडावं आणि घरच्यांना त्याची सवय व्हावी, तशी ती गाडी. मग पुष्पाबाईंच्या वर्षश्राद्धानंतर भूपेंद्रनं एका रविवारी तिला धुतली. "बाबांची गाडी पुन्हा चालू करतो," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी दामिनीला तो फार आवडला होता. हे तिला आता, घाम मानेवरून पाठीत उतरत असताना, आठवलं, आणि त्या आठवणीचाच तिला राग आला, कारण त्या एका दिवसाच्या जोरावर तिनं आठ वर्षं टॉर्च धरला होता.

फाटकाशी गुणाबाई आली. शेजारची, तलावातली मासोळी विकून टोपलं रिकामं करून घरी परतत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून शेडमध्ये पाहिलं आणि हसली. "काय वो मॅडम, कुठं निघाली सवारी?"

काचेला पुढं एक तिकोनी झडप होती, ती तेवढी उघडी होती. तिच्यातून आवाज गेला असता. दार उघड, गुणाबाई, मी अडकली आहे. सहा शब्द. दामिनी हसली. हात हलवला. "भंडाऱ्याले!" म्हणाली.

"जा, जा. हवा खाऊन ये," गुणाबाई म्हणाली आणि पुढं गेली.

दामिनी तिच्या पाठीकडे पाहत राहिली. आपण असं का केलं, हे तिला कळेना. नवऱ्यानं बायकोला गाडीत कोंडलं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली असती, हे एक. पण तेवढंच नव्हतं. हसणं आधी आलं, विचार नंतर. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं. आणि मग तिला जे दिसलं त्यानं ती खरोखर घाबरली: पाय उचलला तर काय होणार आहे? हवा आत जाईल. मग पुन्हा तेल भरतील, पुन्हा दाब-सोड. अर्ध्या तासाचं काम. कुणी मरणार नाही, काही मोडणार नाही. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी पंजा पेडलवर असा रोवलेला होता की जणू त्याच्याखाली कुणाचा गळा होता. की कुणाचा श्वास. तिनं पायाला मनातल्या मनात सांगून पाहिलं, उचल. पाय तिचा नव्हता. टिन तापून तडतडत होतं. आत घरात मोबाईल वाजला, वाजत राहिला, थांबला. पुन्हा वाजला. भूपेंद्र असेल, दुकान बंद आहे म्हणत असेल. किंवा शाळेतले वासुदेवराव सर, निघाल्या का म्हणून विचारत असतील. तोंड कोरडं पडलं होतं. काचेवर तिच्या श्वासाचा डाग उमटत होता आणि विरत होता.

यादोराव ओट्यावर आले ते काठी टेकत, लुंगी सावरत. ब्याऐंशी वर्षांचं वय, कानांनी कमी ऐकू यायचं. खाटेवर बसायला म्हणून वळले आणि शेडकडे पाहून थांबले. दामिनीला वाटलं, तेही हसतील. ते हसले नाहीत. ते ओटा उतरले. आठ वर्षांत तिनं त्यांना या शेडमध्ये पाय टाकताना पाहिलं नव्हतं. म्हातारपण, उंचसखल जमीन, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आता ते अनवाणी उन्हातून आले, काठी बॉनेटला टेकवली आणि दोन्ही हातांनी बाहेरचं हँडल ओढलं. एकदा. दोनदा. दार कर्रकन उघडलं. बाहेरची हवाही गरमच होती, पण ती आत आली तेव्हा दामिनीला रडू फुटलं.

"उतर, बाई," यादोराव म्हणाले.

"पाय उचलता नाही येत, मामाजी. हवा जाते. ते तेल आणायले गेले." ती मोठ्यानं बोलत होती, त्यांना ऐकू यावं म्हणून, आणि स्वतःचे शब्द स्वतःला ऐकू आले.

म्हाताऱ्यानं दाराची कड धरली होती. तो तिच्याकडे पाहत नव्हता. मागच्या सीटकडे पाहत होता.

"तिनं बी म्हटलं होतं," ते म्हणाले. "मले उतरवा म्हणे."

"कोणं?"

"रुखमा. आंबागडची. पहिलटकरीण होती, अडली होती. तिचा बाप आला रडत, म्हणे यादोराव, गाडी काढ. म्या काढली. दुपारची वेळ. मागं तिची माय तिले धरून बसली. इथून भंडाऱ्याले नेऊन राहिलो होतो. मोहाडीच्या अलीकडं ती ओरडाची थांबली आन् म्हणे, मामा, गाडी थांबवा, मले उतरू द्या. झाडाखाली उतरवा म्हणे. आतून दाराले चाचपून राहिली होती, हँडल शोधून राहिली होती. मले आरशात दिसे." त्यांनी ओठांवरून हात फिरवला. "म्या थांबलो नाही. म्या म्हटलं, एकेक मिनिट मोलाचा आहे. दवाखान्यात पोचलो त डाक्टर म्हणे, अर्धा घंटा झाला हिले."

टिन तडतडलं. दामिनीला वाटलं आपण काहीतरी बोलावं, तुमचा काय दोष असं, सगळे बोलतात तसं. तिनंही मागच्या सीटकडे वळून पाहिलं.

"थांबलो असतो तरी मेलीच असती," ते म्हणाले. "मले समजते. पण खाली उतरून मेली असती ना, बाई. मोकळ्यात."

"म्हणून गाडी बंद पडली?"

"बंद नाही पडली. रोटर काढून बावडीत फेकला म्या, त्याच्याबिगर इंजिन सुरूच होत नाही. घरी सांगितलं, इंजिन गेलं. भूपेंद्र आता भय्याजी मिस्त्रीले चोर म्हणते, रोटर त्यानं काढला म्हणते. म्या ऐकून घेतो. पोट्ट्यानं मायेनं धुतली गाडी, बाबा, तुमची गाडी म्हणे. कोणत्या तोंडानं सांगू?" मग पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "उतर तू. हवा जाते त जाऊ दे."

तिनं पाय उचलला. पेडल वर आलं, आत कुठंतरी एक मोठा, ओला घोट घेतल्यासारखा आवाज झाला, आणि झालं. इतकंच होतं. ती खाली उतरली तर उजवा पाय लाकडासारखा. दाराला धरून उभी राहिली, सासरा-सून दोघंही त्याच दाराला धरून.

दहाला दहा मिनिटं कमी होती. ती तोंड धुऊन, पर्स खांद्याला लावून बाहेर आली तेव्हा स्कूटर फाटकातून आत येत होती. भूपेंद्रच्या शर्टाची पाठ घामानं काळी झाली होती. जवळची दोन्ही दुकानं बंद, रेल्वे फाटकापलीकडं जावं लागलं, तिथं मालगाडीनं फाटक अडवलेलं. तो उतरायच्या आधीपासून सांगत होता, आणि सगळं खरं होतं, तो खोटं कधीच बोलत नसे. मग त्याला उघडं दार दिसलं.

"पाय उचलला?"

"उचलला."

"हवा गेली असंन मंग."

"गेली." ती म्हणाली. "मी जाऊन राहिली भंडाऱ्याले. लाखांदूर मागणार आहे."

त्यानं डबा हातात फिरवला. "हो ना, जा. मी काय नाही म्हणून राहिलो? दहा मिनिटं फक्त. मागचं एक चाक झालं की मीच स्टँडवर सोडून देतो. एवढं झालं की उद्या बाबांले चक्कर मारून आणता येते." त्याचे डोळे लाल झाले होते. खाली वाकून तो डब्याचं झाकण उघडायला लागला, आणि दामिनीनं पाहिलं की आपली पर्स खांद्यावरून उतरून हातात आली आहे. ती ओट्याकडे वळली होती. ठेवायला. तिला कुणी ढकललं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. दहा मिनिटं.

"म्या बसतो," यादोराव म्हणाले.

दोघांनीही वळून पाहिलं. म्हाताऱ्यानं काठी भिंतीला लावली, लुंगी गुडघ्यावर घेतली, आणि एक पाय आत टाकून, मग डोकं वाकवून, मग दुसरा पाय हातानं उचलून, सीटवर बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "कधी दाबायचं, सांग. जा वो बाई तू."

भूपेंद्र लहान पोरासारखा हसला. "बाबा! दामिनी, पाह्य ना, बाबा बसले!" त्यानं खिशातून मोबाईल काढून तिच्या हातात दिला. "थांब, एक फोटो काढ. थांब, दार लावतो, दार उघडं असलं की चांगला नाही येत." दार लागलं. काचेमागं म्हाताऱ्याचा चेहरा समोर पाहत होता, कुठंच न पाहणारा. दामिनीला सांगता आलं असतं. सांगायला बसलं तर बस गेली असती, आणि बसबरोबर बाकीचं. तिनं फोटो काढला. मोबाईल परत दिला. फाटकाबाहेर येईपर्यंत मागून भूपेंद्रचा उत्साही आवाज येत होता, "दाबा... धरा... सोडा..." आणि ती जवळजवळ धावत होती.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. वारा गरम, पण वारा. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटत होतं ते असं, की आपण पाय उचलला आणि त्याखाली दुसऱ्याचा पाय ठेवून आलो. मोहाडी जवळ येत गेली तशी ती रस्त्याकडेची झाडं पाहायला लागली. मोहाची, कडुनिंबाची, एक मोठा चिंचेचा पसारा. यातलं कुठलं? रुखमानं कुठल्या झाडाकडे बोट दाखवलं असेल? झाडं मागं पळत होती आणि प्रत्येक झाडाखाली सावली होती. तिनं फोन लावला. चार रिंगा झाल्या.

"काय वो? मिळाली बस?"

"मामाजी कुठं आहेत?"

"गाडीत. मस्त बसले आहेत. दोन चाकं झाली, तिसरं चालू आहे."

"दार उघडा."

"काहून?"

"पहिले दार उघडा. तिथं आतून हँडल नाही. त्यांले खाली उतरवा, पाणी द्या. मंग विचारा, गाडी कशी बंद पडली होती." तिचा आवाज चढला होता, पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. दामिनी तिच्याकडे पाहून हसली नाही.

"कशी म्हणजे?"

"ते मी नाही सांगणार. त्यांले विचारा."

त्यानं फोन बंद केला नाही, नुसता खिशात टाकला असावा. कापडाची खसखस, पावलं, मग दाराचं कर्रकन. 'बाबा, उतरा... बाबा?' मग काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज. मग म्हाताऱ्याचा आवाज, शब्द कळत नव्हते, नुसती एक घरघर, थांबून थांबून, आणि ती फोन कानाला दाबून ऐकत राहिली, वरठीपर्यंत. मग रेंज गेली. त्यांनी आपल्याला एकटीला सांगितलेलं आपण असं उघडं पाडलं, याची तिला लाज वाटली. ती लाज घेऊनच ती भंडाऱ्याला उतरली.

सभागृहात पंखे होते आणि शंभरेक शिक्षक. वासुदेवराव सर दारातच भेटले. "आलात? मला वाटलं नकार पाठवाल या वेळी पोस्टानंच," ते हसत म्हणाले. तिचं नाव दीड वाजता पुकारलं. टेबलामागच्या साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. "तुमसर सोडून लाखांदूर? घरी विचारलं ना मॅडम? नंतर आमच्याकडे येऊन रडायचं नाही."

"नाही विचारलं," ती म्हणाली. "सांगितलं."

सही करताना अक्षर वाकडं आलं. आदेशाचा कागद पातळ होता, झेरॉक्सचा, शाई हाताला लागणारा. ती बाहेर येऊन पायरीवर बसली. आता आनंद होईल म्हणून तिनं वाट पाहिली. समोर मोटारसायकली उन्हात तापत होत्या. त्या रिकाम्या खोलीची फरशी आठवून पाहिली, तर त्या फरशीवर एक म्हातारा बसलेला दिसला, भिंतीला टेकून. सोमवारी रुजू झालं की त्यांना दुपारी कोण वाढणार, हा प्रश्न आला आणि तिनं तो परतवला नाही, तसाच शेजारी बसू दिला. उठून घरी जायचं, भांडी घासायची, डबे भरून ठेवायचे, कपड्यांची पेटी काढायची. कागद तिच्या पर्समध्ये होता आणि तरी प्रत्येक गोष्टीला आणखी एक दार होतं.

फोन वाजला. भूपेंद्र होता. त्यानं आधी नाक ओढलं. मग म्हणाला, "बाबा झोपले. खूप रडले." त्यानं आवाज खाली आणला. "आठ वर्षं, दामिनी. त्यांनी एकदा नाही म्हणावं ना."

"हं."

"गाडी विकून टाक म्हणतात. कोणालेही दे, पण अंगणातून काढ म्हणतात. मी तर चारही चाकांचे ब्रेक बांधून ठेवले. आता काय करू मी?"

आजवर तो हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर तिच्या तोंडून निघायचं, तो संपायच्या आधी. आताही ते जिभेवर आलं होतं, तयार, घडी घातलेलं. तिनं ते गिळलं.

"ते तुम्ही पाहा," ती म्हणाली.

पलीकडं तो श्वास घेत राहिला. तिनंही फोन ठेवला नाही.